तांब्यावरचं रान

ल्युब्ल्याना, २२ सप्टेंबर २००८

आदरणीय देक्लेवाबाई,

दफनाच्या दिवशी मी तुमचा हात हातात घेतला, पण माझं नाव सांगायचं राहून गेलं. तुम्हाला वाटलं असेल, ही कोण बाई नुसतीच उभी आहे. मी ब्रेदा कोस्माच. यर्नेया डॉक्टरेटसाठी माझ्या हाताखाली काम करत होती.

तिचं सामान आज टपालाने पाठवते आहे. टेबल मी स्वतः आवरलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. लोकरीची टोपी आहे, चहाचा मग आहे, डोंगरातले फोटो आहेत आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्याच्यावर तिने ‘नेयाचा डबा. उघडाल तर याद राखा’ असं लिहून ठेवलंय. मी उघडला नाही. तिचा धाक अजून आहे म्हणा ना.

आम्ही इथे काय करतो हे तिने तुम्हाला कितपत सांगितलं होतं कोण जाणे. तांब्याची पट्टी भट्टीत, मोकळ्या हवेत तापवली की तिच्यावर गवतासारख्या तारा उगवतात. त्या धातूच्या नसतात, सिरॅमिकच्या असतात, म्हणजे कपबशीच्या जातीच्या. आणि केसाच्या कितीतरी पटींनी बारीक. नुसत्या डोळ्यांना फक्त काळा थर दिसतो, भांड्याच्या बुडाला काजळी धरावी तसा. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र अख्खं रान उभं असतं. या तारांना हवेतला विषारी वायू चटकन कळतो. बंद खोलीत शेगडीचा वायू साचून माणसं झोपेतच जातात, ते टळावं म्हणून हा सगळा खटाटोप. अडचण अशी की तारा बहुतेकदा खुरट्या आणि वाकड्या येतात. आणि इतक्या नाजूक, की बोट लागलं तरी आडव्या होतात.

ऑगस्टमधल्या त्या शुक्रवारी तिने मला फोन केला. मी समुद्रावर सुट्टीला गेले होते. “बाई, उगवलं! सरळ, दाट, उंच! कुठलं तांबं ते मुळीच सांगणार नाही. सोमवारी या आणि डोळ्यांनी बघा.” रविवारी ती डोंगरात गेली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तिने काढलेले फोटो मी पाहिले. असं रान मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. त्यावर शोधनिबंध लिहून विज्ञानाच्या मासिकाला पाठवते आहे, पहिलं नाव तिचं असेल. ती पट्टी तेवढी अजून हाती लागलेली नाही. कुठल्यातरी कपाटात तिने जपून ठेवली असणार. सापडेलच.

तुमची,
ब्रेदा कोस्माच


ब्रकिनी, ३ नोव्हेंबर

डॉक्टरबाई,

देक्लेवाबाई काय म्हणता, त्या नावाने मला फक्त टपालवाला हाक मारतो. अख्खं गाव अल्बिनामावशी म्हणतं, तुम्हीही म्हणा.

उत्तराला उशीर झाला. खोकं आलं, तुमचं पत्र वाचायला घेतलं, पण सुरुवातीलाच ‘यर्नेया’ दिसलं आणि पुढचं सगळं पाण्यात गेलं. तिचा निबंध निघणार, तिचं नाव पहिलं, आणि कुठलीशी पट्टी सापडत नाही, एवढंच शेवटच्या ओळींतून कळलं. खोकं मी तसंच तिच्या पलंगाखाली सरकवलं. मग संतांचा सण जवळ आला. गावात सगळ्यांची थडगी घासायची धांदल सुरू झाली. मी म्हटलं, अल्बिना, ऊठ आता, लोक काय म्हणतील.

तो धमकीचा डबा मी उघडला. आईला कसली आलीय याद? आत कापसात गुंडाळलेला तांब्याचा तुकडा! काळा ठिक्कर पडलेला. पण पाठीवरचे हातोड्याचे ठोके बघितले आणि मी ओळखला. आमच्या हंड्याचा तुकडा तो. माझा नवरा द्रागो आलुबुखाराची दारू गाळायचा ना, त्या हंड्याचा. तो गेल्यावर हंडा नुसता पडून होता. यंदा वसंतात भंगारवाल्याला देऊन टाकला, तेव्हा नेया घरी होती. तिने हंड्याच्या पोटाचा एक तुकडा कापून घेतला. मी म्हटलं, बापाची आठवण असेल, घेऊ दे.

पण काय दशा केली होती हो त्याची! द्रागोने बघितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. दारू गाळायच्या आधी हंडा व्हिनेगर, मीठ आणि मक्याचं पीठ लावून घासायचा, त्यात तोंड दिसेपर्यंत थांबायचं नाही, असा आमच्याकडचा शिरस्ता. लहानपणी नेयालाच आत उतरवायचो, दुसरं कोण मावणार? आतून ओरडायची, “आई, मी इथे दोन-दोन दिसतेय!”

तर मीही ओसरीत बसले आणि घासला. घासता घासता रडले. दफनाला मला रडू आलं नव्हतं डॉक्टरबाई, बायका कुजबुजतसुद्धा होत्या. त्या दिवशी मात्र पोटभर रडले, आणि रडून झाल्यावर ताटभर जेवले. कितीतरी दिवसांनी.

तो तुकडा आता तिच्या थडग्यावर आहे, नावाच्या खाली बसवून घेतलाय. सणाच्या संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले तेव्हा असा लखलखला की फादरही थांबून बघत राहिले. शेजारच्या मिल्काने यंदा शेवंतीच्या इतक्या कुंड्या आणल्या होत्या की तिच्या सासऱ्याला खाली श्वास घेता येत नसेल. पण नजरा आमच्या नेयाकडेच होत्या.

तुमची पट्टी सापडली का? नेयाचं सगळंच असं, ठेवायची आणि विसरायची.

अल्बिनामावशी


ल्युब्ल्याना, १२ नोव्हेंबर

प्रिय अल्बिनामावशी,

तुमचं पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं.

तुम्ही रडलात आणि मग जेवलात, हे वाचून फार बरं वाटलं. तो तुकडा आहे तिथेच असू द्या.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. सहजच. घासलात तो व्हिनेगर आणि मिठानेच ना? आणि दोन्ही बाजूंनी? दुसरं म्हणजे, त्या हंड्याचा आणखी काही भाग घरात उरला असेल का? अगदी लहानसा असला तरी चालेल. आम्हाला जुनं तांबं तापवून बघायचं आहे.

पट्टीचा शोध चालू आहे.

तुमची,
ब्रेदा


ब्रकिनी, ३० नोव्हेंबर

डॉक्टरबाई,

दोन्ही बाजूंनी का, असं विचारता? मी देक्लेवांची सून आहे. एक बाजू घासून दुसरी तशीच सोडली असती तर सासूबाई थडग्यातून उठून आल्या असत्या.

हंडा तर भंगारात गेला. भंगारवाल्याकडे जाऊन आले, तो म्हणतो केव्हाच वितळला. माळ्यावर झाकण मिळालं, ते पाठवते आहे. पण एक सांगते, झाकण हंड्याच्या वयाचं नाही. जुनं फाटलं तेव्हा द्रागोने बाजारातून गुळगुळीत पत्रा आणून नवीन करून घेतलं होतं. तुम्हा शिकलेल्या लोकांना दारूच्या हंड्याचं एवढं काय पडलंय कोण जाणे. चोरून गाळायचा विचार असेल तर मला आधी सांगा, तुमच्या हाताला जमायचं नाही ते.

झाकणाबरोबर पोतित्सा आहे, अक्रोड भरून गुंडाळलेला आपला गोड पाव. नेया सुट्टीहून परत निघाली की एक तिच्या पिशवीत टाकायचे मी. यंदा करायची नव्हती, पण हातांना राहवलं नाही.

निबंध कधी निघणार? मी फादरना सांगितलं, त्यांनी रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगितलं. मिल्का विचारते, “मरून गेल्यावर कुणी निबंध लिहितं होय?” मी म्हटलं, “तुझे जिवंत आहेत, त्यांनी काय लिहिलं?”

ईस्टरला आमच्याकडे या. तिच्या खोलीत झोपा. घर फार मोठं झालंय.

अल्बिनामावशी


ल्युब्ल्याना, १० फेब्रुवारी २००९

प्रिय अल्बिनामावशी,

पोतित्सा प्रयोगशाळेत सगळ्यांनी मिळून खाल्ली. निका, इथे नेयाच्याच खोलीत काम करणारी तिची मैत्रीण, ती पहिला घास घेऊन बाहेर निघून गेली.

झाकण आम्ही तापवून पाहिलं. नेयाने फोटोंसोबत आच आणि वेळ टिपून ठेवली होती, अगदी तशीच ठेवली. तारा आल्या, पण खुरट्या, पावसाने झोडपलेल्या गव्हासारख्या. माझा असा समज झाला आहे की ठोकून ठोकून घडवलेल्या तांब्यात काहीतरी ताण राहतो, आणि तापवल्यावर तोच ताण तारांना वर ढकलतो. नेयाला हे आधी उमगलं. मला उमगायला तिच्या बापाच्या हंड्याचं झाकण लागलं. जुनी ठोकीव भांडी गोळा करून पाहते आहे, पण प्रत्येकाचं तांबं वेगळं, घडण वेगळी.

निबंध तपासणाऱ्यांनी काही प्रश्न विचारले आहेत. वेळ लागेल. तुम्ही कृपा करून फादरना इतक्यात आणखी काही सांगू नका.

ईस्टरचं नक्की कळवते.

तुमची,
ब्रेदा


ब्रकिनी, २१ मार्च

आदरणीय डॉक्टर कोस्माच,

माझी भाची काल आली होती. तिने तिच्या संगणकावर तुमच्या संस्थेचं पान काढून दाखवलं. तुमचं नाव जागोजाग आहे. तांबं आहे, तारा आहेत, गेल्या महिन्यात कुठेतरी जाऊन तुम्ही भाषण दिलंत तेही आहे. माझ्या मुलीचं नाव कुठेच नाही. भाचीने आधी त्या पानावर शोधलं, मग सगळ्या जगात शोधलं.

मी अडाणी असेन, आंधळी नाही. आधी म्हणता पहिलं नाव तिचं. मग म्हणता प्रश्न आले. मग म्हणता कुणाला सांगू नका. का सांगू नका? तिला जे उमगलं ते तुम्ही आता स्वतःच्या नावाने मांडणार, असंच ना? तिने फोनवर मलाही सांगितलं होतं, “आई, आमच्या बाई कडक आहेत, पण खोटं कधी बोलत नाहीत.” फार विश्वास होता तिचा तुमच्यावर. आणि मी मूर्ख, तुम्हाला झाकण पाठवते, पोतित्सा पाठवते!

ईस्टरला येऊ नका. तिच्या थडग्यापाशीही येऊ नका.

अल्बिना देक्लेवा


ल्युब्ल्याना, २६ मार्च

प्रिय अल्बिनामावशी,

येणार नाही.

तिचं काम मी घेतलेलं नाही, घेणारही नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही. तुम्ही रागावलात ते तुमच्या जागी बरोबर आहे.

ब्रेदा


ब्रकिनी, १५ एप्रिल

डॉक्टरबाई,

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी निका आली. रंगवलेली अंडी घेऊन आली होती. पोरगी चांगली आहे, पण पोटात काही राहत नाही तिच्या. मी तुमच्याबद्दल वाटेल ते बोलत होते, तशी ती रडायला लागली. म्हणाली, “मावशी, बाईंना नका बोलू. त्यांनीच तो निबंध मागे घेतला.”

मग सगळं बाहेर आलं. निबंध तपासणाऱ्यांनी पट्टी मागितली, तेव्हा संस्थेच्या बैठकीत तुम्हाला विचारलं, पट्टी कुठे आहे? तुम्ही म्हणालात, माझ्या हातून हरवली. कुणीतरी हसलं. आणि तेव्हापासून तिकडे बोलतात की पट्टी नव्हतीच. देक्लेवाने दुसऱ्याच कशाचे तरी फोटो काढले, मुलगी हुशार होती, पण डॉक्टरेटची घाई झाली होती.

मी निकाला विचारलं, “ती पट्टी दिसते कशी गं?”

“काळी, मावशी. काजळी धरल्यासारखी. आम्ही कापसात ठेवतो.”

ती गेल्यावर मी तुमचं पहिलं पत्र काढलं. ते मी कधी सगळं, नीट वाचलंच नव्हतं. आता वाचलं. बोट लागलं तरी आडव्या होतात, असं तुम्ही त्यात लिहिलंय. आणि नोव्हेंबरात मला विचारता, दोन्ही बाजूंनी घासला का. सहजच विचारता.

डॉक्टरबाई, मला दोनच गोष्टी दिसतात. एक तर माझी मुलगी खोटं बोलली. नाहीतर तिचं काम मी माझ्या हातांनी पुसलं. तिसरं काही असेल तर ते लिहा. तिसरं असू दे म्हणून मी गुडघे टेकून बसते आहे. पण नसेल तर मला वाचवायला म्हणून काही रचू नका. मी द्रागोला पुरलं, नेयाला पुरलं. जे असेल ते सोसेन. फक्त खरं सांगा.

अल्बिना


ल्युब्ल्याना, १९ एप्रिल

प्रिय अल्बिनामावशी,

तिसरं काही नाही.

नेया खोटं बोलली नाही. तुम्हाला डब्यात मिळाला तो तुकडा म्हणजेच ती पट्टी. व्हिनेगर आणि मिठात तो काळा थर पार विरघळतो, मागे काही उरत नाही. एखादी बाजू वाचली असेल या आशेने मी तुम्हाला विचारलं होतं. डिसेंबरात एकदा तुम्हाला न कळवता दफनभूमीत येऊनही गेले. भिंग घेऊन त्या तुकड्यापुढे गुडघ्यांवर बसले. मला माझंच तोंड दिसलं. परत जाताना तुमच्या घराच्या धुराड्यातून धूर येताना दिसत होता. दार वाजवायचं धाडस झालं नाही.

डबा मी पाठवला, मावशी. न उघडता पाठवला. प्रयोगशाळेतली कुठलीही वस्तू बघितल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही हे मी येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवते. आणि त्या दिवशी तिचं अक्षर बघून माझं मलाच भान राहिलं नाही. मी उघडला असता तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. तेव्हा ‘माझ्या हातून हरवली’ हे मी बैठकीत म्हणाले, त्यात खोटं थोडंच होतं.

तुम्ही लिहिलं होतंत की घासता घासता रडलात आणि मग जेवलात. ते वाचून मी ठरवलं की हे तुम्हाला कधीच कळू द्यायचं नाही. मला वाटलं, एक जिवंत आहे, एक गेली आहे. जी गेली तिला लोकांचं बोलणं लागणार नाही. चुकले मी. ते रोज मला लागतं. बैठकीच्या खोलीत तिचं नाव निघालं की सगळे खाली बघतात, जणू तिने काही चोरलं होतं. मी तिथे बसलेली असते आणि बोलत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्याकडून झालेली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

अशी पट्टी पुन्हा जमेल की नाही, मला सांगता येत नाही. प्रयत्न सोडलेला नाही.

तुम्ही मला क्षमा करावी असं मागायला मी लिहीत नाही. तुम्ही खरं विचारलंत, म्हणून लिहिलं.

ब्रेदा


ब्रकिनी, २३ एप्रिल

ब्रेदा,

तुझं पत्र दारातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसले. मग काय झालं सांगू? सांगायची लाज वाटते. मला हायसं वाटलं.

निका गेल्यापासून मी रोज मनात माझ्या मुलीची उलटतपासणी घेत होते. लहानपणी कधी खोटं बोलली होती का, शाळेत कुणाचं बघून लिहिलं होतं का. मेलेल्या पोरीची, ब्रेदा. तिच्या थडग्यापाशी उभी राहून तिच्यावर संशय घेत होते मी. आणि आता कळलं की ती खरी होती. मग पुसणारी मी असले तर असू दे. मला चालेल. झोप नाही लागणार, हात बघवणार नाहीत, सगळं खरं. पण चालेल. मी तिची आई आहे, माझ्यावर काहीही येऊ दे, तिच्यावर नको.

मला वाचवलंस हे कळतं. चांगल्या मनाने केलंस. पण परत असं करू नकोस. माझ्यापायी तिला खोटं ठरवायचा तुला काय अधिकार?

आता त्या तुझ्या लोकांना लिही. हरवली असं लिहू नकोस. नाव घालून लिही की पट्टी तिची आई अल्बिना देक्लेवा हिने व्हिनेगर आणि मीठ लावून पुसली, दोन्ही बाजूंनी. हसले तर हसू देत. आज सकाळी मी मिल्कालाही सांगून टाकलं. ती हसली नाही. तिने मला आत बोलावून कॉफी दिली.

आणि तू म्हणशील, आईच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? आई काय, पोरीसाठी काहीही सांगेल. म्हणून मी स्वतः येते. थडग्यावरचा तुकडा काढून घेतलाय, तो रुमालात बांधून आणते. मला त्या खोलीत, त्या सगळ्यांसमोर उभी कर. काय विचारायचं ते मला विचारू देत, आणि जो हसला होता तो समोर बसलेला असू दे.

पुढच्या बुधवारी सकाळच्या बसने निघते. तुमच्या इमारतीला म्हणे दोन दारं आहेत. कुठल्या दाराने आत यायचं, तेवढं कळव.

अल्बिना,
यर्नेयाची आई